कराटेच्या कुमितेमध्ये (जोडीदाराबरोबरच्या लढतीत) हात आपोआप चालावेत म्हणून कोणता सराव करावा?

तुम्ही लिहिलंय की ब्राउन बेल्ट आहे, काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) पाठ आहेत, पण फ्री कुमितेत, म्हणजे मोकळ्या लढतीत, समोरचा अंगावर आला की हात जागच्या जागी थिजतात. घरी एकट्याने काही करता येईल का, असंही विचारलंय. मी शोतोकान ही कराटेची स्टाइल शिकवते आणि ही अडचण जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये बघते.

तुमचा गोहोन कुमिते आठवा. पाच पावलं, पाच हल्ले, कुठे येणार ते ठरलेलं, शिवाय मारणारा आधी ‘जोदान’ (डोक्याच्या उंचीवर) म्हणून पुकारणार. पाया म्हणून हे उत्तमच, पण यात ओळखायला काही उरत नाही. हात तयार होतात, डोळे कच्चेच राहतात. मग एके दिवशी थेट फ्री कुमितेत सोडतात आणि सगळंच एकदम ओळखावं लागतं. मधली पायरी बऱ्याच क्लासमध्ये गाळली जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण चांगली मेहनती मुलं इथेच कराटे सोडतात.

मधल्या पायरीसाठी जियू इप्पोन (मोकळ्या पवित्र्यातून एकच, आधी पुकारलेला हल्ला) घ्या आणि त्यातला पुकारा काढून टाका. हल्ला एकच ठेवा, पोटावरचा पंच म्हणू. तो कधी मारायचा ते पार्टनर ठरवेल. तो फिरेल, अंतर कमीजास्त करेल, कधी नुसता खांदा हलवेल, कधी बराच वेळ काहीच करणार नाही. खोट्या हालचालीला तुम्ही हललात तर तीही चूक धरायची. न हलणं हाही प्रतिसाद आहे आणि तोसुद्धा शिकावाच लागतो. आणखी एक: पंच खरोखर पोचणारा हवा. पार्टनर वीतभर आधीच थांबत असेल तर तुमच्या अंगात चुकीचं अंतर बसतं. ग्लोव्हज आणि माऊथगार्ड घाला, वेग निम्मा करा, पण निशाणा खरा ठेवा.

हे जमलं की दोन हल्ले: किझामी-झुकी (पुढच्या हाताचा पंच) किंवा माए-गेरी (समोरची लाथ). इथे प्रत्येक हल्ल्याला तीन-तीन ब्लॉक घोकायचा मोह होतो, तो टाळा. पर्याय वाढतात तसा निवडायला लागणारा वेळही वाढतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगातून दाखवलं. अगदी एकच खूण आणि एकच उत्तर असलं तरी बघून हलायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. म्हणून दोन्ही हल्ल्यांना चालेल असं एकच उत्तर धरा: बाहेरच्या बाजूला तिरकं पाऊल, पुढचा हात मध्ये, लगेच गियाकू-झुकी (मागच्या हाताचा पंच). हल्ल्यांचा क्रम मात्र कधीच ठरवू नका. शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या साध्या हालचालींवर प्रयोग केला, तेव्हा क्रम मोडून सराव करणारे सरावात मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत पुढे निघाले. तेव्हा सुरुवातीला तुमचा खेळ बिघडल्यासारखा वाटेल. घाबरू नका.

अगदी जवळ आल्यावर डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. तिथे गोजू-र्यू या कराटेच्या दुसऱ्या स्टाइलमधला काकिए फार कामाचा. मनगटाला मनगट लावून ढकलत-ओढत राहायचं आणि दाब सुटला की तिथूनच शिरायचं. विंग चुन या चिनी युद्धकलेत ची साव हा सराव याच कामासाठी आहे. स्टाइल वेगळी म्हणून नाक मुरडू नका. आपल्या कुस्तीच्या तालमीत तर ही अडचणच कमी, कारण शिकलेला डाव पोरांना अंगाला अंग भिडवून, समोरच्याचा विरोध मोडूनच लावावा लागतो.

हा सराव क्लासच्या सुरुवातीला, ताजे असताना करा. दमल्यावर माणूस हल्ला ओळखायचा सोडून नुसते हात फिरवतो.

घरी एकट्याने? पावलं आणि कंबर पक्की करा: तेच तिरकं पाऊल, तोच पंच, आरशासमोर सावकाश. मोबाइलवर दिवे लागणाऱ्या रिअॅक्शन अॅपवर मात्र वेळ घालवू नका. माणूस मारण्याआधी खांदा उचलतो, मागची टाच दाबतो, श्वास ओढतो. अनुभवी खेळाडू हेच वाचून आधी हलतो. दिव्याला खांदाही नसतो आणि श्वासही नसतो. त्यापेक्षा क्लास सुटल्यावर एका पार्टनरला पंधरा मिनिटं थांबवून घ्या. शक्यतो तुमच्यापेक्षा उंच आणि न चिडणारा बघा.