आईचा साठावा आणि दोन बर्नरची शेगडी

बाळा,

तुझा मेसेज वाचला. आईचा साठावा जानेवारीत न्यूझीलंडला, मोटरहोममध्ये, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीत, आणि सोबत मेनूपण पाठवलायस, पुरणपोळी, कटाची आमटी, दोन भाज्या, फिश फ्राय, वर केक. वाचूनच दमले मी. हे सगळं करणार कोण? तू म्हणशील मी करीन. अरे, तुझ्या आईला मी कॉलेजपासून ओळखते, तू कांदा चिरायला घेतलास की पाचव्या मिनिटाला ती म्हणणार "सरक, मी करते", आणि मग बाहेर टेकापो तलावाचं ते निळं पाणी आणि बाई स्वतःच्या वाढदिवसाला शेगडीसमोर घाम पुसतेय. बाकी काहीही झालं तरी चालेल, हे होऊ द्यायचं नाही.

म्हणून माझं ऐक, गाडीत एकच गोष्ट शिजवायची, ती म्हणजे वरणभात. बाकीचं वाटेत मिळतं ते घ्यायचं, आणि त्या रस्त्याला खायला कमी नाहीये. क्राइस्टचर्चहून टेकापो साधारण सव्वादोनशे किलोमीटर, मोटरहोमनं निवांत गेलं तर थांबे धरून अर्धा दिवस. टेकापोच्या अलीकडे फेअरली गाव लागतं, तिथल्या बेकरीतला सॅमन-बेकन पाय (आत सारण भरून भाजलेला पदार्थ) प्रसिद्ध आहे, बाबांना बेकन चालत नसेल तर दुसरे पाय असतात, गरम असतानाच खा, फ्रिजमध्ये ठेवून उद्या खाऊ हा विचार करू नकोस.

टेकापोला दोन रात्री घे आणि वाढदिवस मधल्या दिवशी ठेव. त्या दिवशी फक्त पुकाकी तलावापर्यंत जाऊन यायचं, जेमतेम पाऊण तास एका बाजूनं. तलावाच्या काठावरच सॅमनचं दुकान आहे. तिकडे हिमनद्यांचं पाणी जलविद्युतच्या कालव्यांतून वाहतं आणि त्या थंडगार वाहत्या पाण्यात हे मासे वाढवतात. आभाळ मोकळं असेल तर समोर माउंट कुक, ३,७२४ मीटर. आई मालवणची, ताजा मासा बघून तिचा चेहरा काय होईल ते मला आत्ताच दिसतंय! पण कच्च्या सॅमनची साशिमी तिला आग्रह करून भरवू नकोस, बाबा आणि तू खा. तिच्यासाठी जाड तुकडे घे, हळद, तिखट, मीठ, लिंबू, बस. सॅमनला स्वतःचीच चरबी खूप असते, तेलात पोहायला सोडायची गरज नाही.

आणि मासा गाडीत तळायचा नाही हां. तो वास पडद्यांत आणि गाद्यांत बसतो आणि मग गाडी परत देईपर्यंत तुम्ही त्याच वासात झोपता. हॉलिडे पार्कला, म्हणजे रात्री गाडी लावून राहायच्या जागी, बाहेर बार्बेक्यूचे तवे आणि कॉमन किचन असतं, तिथे कर. मोहरीची फोडणीसुद्धा आत द्यायची असेल तर आधी खिडकी आणि छताचं झाकण उघड, नाहीतर स्मोक अलार्म बोंबलतो. गाडी चालू करायच्या आधी गॅसचा व्हॉल्व बंद. मायक्रोवेव्ह बहुतेक गाड्यांत वीज जोडल्यावरच चालतो, म्हणून पॉवर साइटच, म्हणजे वीज जोडायची सोय असलेली जागा, बुक कर. तेलकट भांडी आधी कागदानं पुसून मग सिंकमध्ये, ते पाणी खालच्या टाकीत साठतं आणि उन्हात जो वास मारतो तो विचारू नकोस.

केकचं म्हणशील तर आयसिंगवाला केक वळणावळणाच्या रस्त्यावर टिकत नाही. सुपरमार्केटमध्ये पाव्हलोव्हाचा तयार बेस मिळतो, तो तडकला तरी कुणाला कळत नाही, वर क्रीम आणि फळं घातली की झालं. चेरी घे, इथल्या सेंट्रल ओटागो भागातल्या चेरीचा तेव्हा सीझनच असतो. फक्त पाव्हलोव्हा म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर, तेव्हा वाढदिवस गुरुवारी येतोय का ते कॅलेंडरमध्ये बघ! आला तर सॅमनपण गेलं, मग शिरा कर आणि जेवण शुक्रवारी.

औक्षण कराच. पण तिकडे वारा वेड्यासारखा असतो आणि उन्हाळ्यात आगीचे नियमही कडक, त्यामुळे निरांजन गाडीच्या आत, गॅस बंद करून, पडद्यांपासून लांब, दोन मिनिटं आणि लगेच शांत. उजेड रात्री नऊ-साडेनऊपर्यंत असतो, जेवायची घाई नको. तारे बघायचे तर अकरानंतरच, आईला तोवर जागी ठेवणं तुझं काम.

पुण्याहून काय आणायचं ते विचारलंयस. मध आणि दुधाची मिठाई घरीच ठेव. मसाले कंपनीच्या बंद पाकिटातले आण आणि फॉर्मवर लिही, अगदी चिवडासुद्धा लिही, लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर फक्त वस्तू जाते, न लिहिता सापडलं तर ४०० डॉलर दंड. तूप, तूरडाळ मी इथे क्राइस्टचर्चला घेऊन ठेवते, छोटा कुकरपण देते, भाड्याच्या गाडीत तो नसतो.

टेकापोचं बुकिंग मात्र आजच कर, जानेवारीत इथल्या शाळांनाही सुट्ट्या असतात आणि पॉवर साइट पटापट भरतात. फ्लाइट कळव, आणि आईला यातलं काही सांगू नकोस, नाहीतर ती पुरणयंत्र बॅगेत टाकेल.

तुझी,
मावशी