सहसंबंध ०.८ आला, म्हणून क्रोमियम चिकणमातीत?

प्रश्न थोडक्यात असा: वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या एका सीमचे (थराचे) २४ नमुने, त्यात राख (कोळसा जाळल्यावर उरणारा खनिज भाग), एकूण गंधक आणि १५ ट्रेस एलिमेंट्स (अगदी अल्प प्रमाणातली मूलद्रव्यं). एक्सेलमध्ये सहसंबंधाचा तक्ता केला. क्रोमियम-राख ०.८ म्हणून क्रोमियम चिकणमातीत, आर्सेनिक-गंधक ०.९ म्हणून आर्सेनिक पायराइटमध्ये (लोह आणि गंधकाच्या खनिजात). आता क्लस्टर अ‍ॅनालिसिस (सारखी वागणारी मूलद्रव्यं गटांत टाकणारी पद्धत) करून प्रबंध संपवायचा का?

इतक्यात नको. सहसंबंध फक्त दोन आकडे एकत्र वाढतात एवढंच सांगतो. मूलद्रव्य कुठल्या कणात बसलंय, हे त्याला माहीत नसतं.

आधी आर्सेनिक. तुम्ही जोडलेला आलेख नीट बघा. २३ ठिपके डाव्या कोपऱ्यात गोळा झालेत आणि एकच लांब वर उजवीकडे आहे. तो नमुना काढून गुणांक पुन्हा काढा. बराच खाली आला तर ते ०.९ त्या एका नमुन्याचं होतं, सीमचं नव्हे. ट्रेस एलिमेंट्सचं वितरण बहुतेकदा एका बाजूला कललेलं असतं, म्हणून लॉग घ्या किंवा स्पिअरमन (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून काढलेला सहसंबंध) वापरा. शिवाय एकूण गंधकात पायराइटचं, सेंद्रिय आणि सल्फेटचं असं सगळंच येतं. आसामच्या कोळशात गंधक भरपूर, पण त्यातलं बरंचसं सेंद्रिय. तिथे एकूण गंधकावरून पायराइटचा निष्कर्ष काढला तर फसगत ठरलेली. गंधकाचे प्रकार वेगळे मोजून घ्या.

आता क्रोमियम, कारण खरी गंमत इथे आहे. गुणांकापेक्षा रेषा बघा. समजा ती अशी आली: क्रोमियम = १२ + ०.६ × राख. म्हणजे शून्य राखेला १२ पीपीएम (दशलक्षात १२ भाग) आणि शंभर टक्के राखेला ७२. राख ४० टक्के असलेल्या नमुन्यात क्रोमियम ३६ भरेल. त्यातलं, राख सोडून उरलेल्या ६० टक्के सेंद्रिय भागाचं देणं ०.६ × १२ = ७.२, म्हणजे एकूणाच्या २० टक्के. सहसंबंध ०.८ असूनही पाचवा हिस्सा चिकणमातीबाहेर! अर्थात सगळे नमुने राख ३०च्या वरचे असतील तर शून्यापर्यंत रेषा ओढणं धाडसाचंच. आणि आपला गोंडवाना कोळसा तसाच असतो, राख ३०-४५ टक्के सहज. शेलच्या पट्ट्यांतले नमुने त्यात मिसळले असतील, तर जवळपास प्रत्येक मूलद्रव्य राखेसोबत धावताना दिसेल.

राखेच्या आधारावर आकडे काढून तक्ता करायचा मोह होईल, तो टाळा. दोन नमुने घ्या, राख २० आणि ४० टक्के. जर्मेनियम दोन्हींत २ पीपीएम, बोरॉन दोन्हींत ४० पीपीएम. राखेवर आणले की जर्मेनियम १० आणि ५, बोरॉन २०० आणि १००. एकमेकांशी काहीही संबंध नसलेली दोन मूलद्रव्यं हातात हात घालून चालायला लागली, कारण दोघांनाही एकाच आकड्याने भागलं. कार्ल पिअरसनने हा धोका १८९७ मध्येच सांगितला होता. यावर तोडगा म्हणजे लॉग-रेशो, जो एचिसनने १९८० च्या दशकात मांडला: दोन मूलद्रव्यांच्या गुणोत्तराचा लॉग घ्या आणि सगळ्या नमुन्यांत तो किती हलतो ते बघा. जवळजवळ हलतच नसेल, तर ती दोघं खरोखर सोबत आहेत, आणि यात संपूर्ण कोळसा की राख हा वादच उरत नाही.

क्लस्टर अ‍ॅनालिसिसबद्दल माझं मत कडू आहे. रँडम आकडे दिले तरी ते गटांचं झाड (फांद्यांची आकृती) काढून देतंच. लिंकेजची, म्हणजे गट एकमेकांना जोडायची, पद्धत बदलली की गट बदलतात. शिवाय १७ चलांच्या १३६ जोड्या होतात. ५ टक्के पातळीवर त्यातल्या सातेक जोड्या निव्वळ योगायोगाने लक्षणीय दिसतील. ('लक्षणीय' म्हणजे २४ नमुन्यांत ०.४०४च्या वर, तेवढंच.)

प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचाराच. एक, नमुना कशात दळला? स्टीलच्या मिलमधून क्रोमियम आणि निकेल दोन्ही येतात, आणि मग त्यांची मैत्री खाणीतली नसून मिलची असते. दोन, मोजणी थेट कोळशावर की राखेवर? ८१५ अंशांच्या राखेत पारा राहत नाही, सेलेनियम आणि आर्सेनिकही काही प्रमाणात उडतात. डिटेक्शन लिमिटखालच्या (उपकरणाला मोजता येईल त्याहून कमी) आकड्यांच्या जागी सरसकट अर्धी मर्यादा भरली असेल आणि असे नमुने निम्म्याहून जास्त असतील, तर ते मूलद्रव्य तक्त्यातून काढून टाका.

मग सहसंबंधाचा उपयोग काय? कुठे शोधायचं ते ठरवायला. आर्सेनिकसाठी जास्त गंधकाचे तीन-चार आणि कमी गंधकाचे दोन नमुने निवडून पॉलिश करा, सूक्ष्मदर्शकाखाली पायराइट शोधा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने (एकेका कणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या उपकरणाने) त्यातला आर्सेनिक मोजा. साध्या सेमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला) जोडलेल्या ईडीएक्स या क्ष-किरण मोजणीला इतक्या कमी प्रमाणातला आर्सेनिक बहुधा दिसणारच नाही. क्रोमियमसाठी फ्लोट-सिंक (जड द्रवात घालून तरंगणारे आणि बुडणारे कण वेगळे करणं) करा, किंवा टप्प्याटप्प्याने आम्लात विरघळवून कुठल्या टप्प्यात किती निघालं ते पाहा. चिकणमाती विरघळवणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लात बहुतेक निघालं तर तुमच्या ०.८ ला आधार मिळतो.