महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलास, आता पुढचं ऐक

फॉर्म सबमिट केलास म्हणजे झालं, असं समजू नकोस. आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग प्राचार्यांचं लॉगिन, मग सांगलीचं समाजकल्याण. दाखला अस्पष्ट असला तर अर्ज परत तुझ्याकडेच येतो, म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघ.

खरी गोम बँकेत. नुसतं आधार 'लिंक' असून भागत नाही, एनपीसीआय मॅपिंग लागतं, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे कुठल्या बँकेत टाकायचे याची नोंद. शेवटी ज्या बँकेत मॅपिंग केलंस, पैसे तिथेच. माझे जतच्या जुन्या खात्यात गेले, ज्याचं पासबुकही हरवलेलं! मी विश्रामबागला मेसचे पैसे उधार ठेवून बसलेलो. शाखेत जाऊन विचार, लाजू नकोस. उत्पन्नाचा दाखला मात्र तहसीलचाच लागतो, तलाठ्याचा चालत नाही.