त्याचे गुण तुम्ही रोज का बघता?

प्रश्न: माझा मुलगा वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑनलाइन आभासी रुग्णांच्या केसेसमध्ये त्याला नेहमी नव्वदच्या वर गुण असतात; मी रोज रात्री त्याच्या खात्यात जाऊन बघते. तरी वॉर्डातल्या प्रॅक्टिकलला तो कमी पडला. याहून चांगला सिम्युलेशन कोर्स कोणता?
– एक आई

उत्तर: ताई, कोर्सचं नंतर बोलू. मला खटकलं ते ‘रोज रात्री बघते’.

आभासी रुग्णाचा मोठा फायदा हाच, की तिथे चुकलं तरी कुणाला इजा होत नाही. छातीत दुखणाऱ्याला अपचन समजून घरी पाठवलं, तर तो स्क्रीनवर दगावतो. विद्यार्थी हादरतो, केस पुन्हा उघडतो, आणि ती चूक सहसा विसरत नाही. पण रात्री आई आकडा बघणार हे माहीत असलं, की मुलं जमलेल्याच केसेस सोडवतात. अवघड केसला हात लावत नाहीत, अडलं की आधी उत्तर बघून घेतात. तुमचा मुलगा तसंच करतो असं मी म्हणत नाही, पण कायम नव्वदच्या वर म्हटल्यावर मला शंका येते. चुकायची जी एक जागा त्याला होती, तीही तुमच्या नजरेखाली आली.

दुसरं, केस सुटली म्हणजे तपासणी आली, हा गैरसमज काढून टाका. स्क्रीनवर ‘पोट तपासा’वर क्लिक केलं की ओळ येते, ‘यकृत बरगडीखाली दोन बोटं हाताला लागतं’. वॉर्डात ही ओळ कुणी देत नाही. पोटावर उजव्या बाजूला हात ठेवायचा, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि खाली सरकणारी यकृताची कड बोटाला लागते का ते जाणून घ्यायचं. हात गार असेल तर रुग्ण पोट आवळतो आणि काहीच कळत नाही. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये डॉक्टरच्या कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, प्रत्यक्ष कामात करणं. आभासी केसेस दुसरीपर्यंत उत्तम नेतात. तिसरीसाठी स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर हाताने सराव करायची कॉलेजातली खोली. तिथला सीपीआरचा (हृदय थांबल्यावर छाती दाबण्याच्या उपचाराचा) सेन्सरवाला पुतळा लगेच सांगतो, की छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबली गेली का, मिनिटाला १०० ते १२० चा वेग टिकला का. चौथी वॉर्डातच.

म्हणून नवा कोर्स घेऊ नका. सकाळी वॉर्डात जो आजार पाहिला, त्याचीच केस त्याने संध्याकाळी सोडवावी. दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाची परवानगी घेऊन सीनियरसमोर तपासणी करावी आणि ‘कुठे चुकलो ते सांगा’ म्हणावं.

पासवर्ड त्याला आजच बदलायला सांगा. आणि प्रॅक्टिकलला तो नेमका कशात अडला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते त्याला शांतपणे विचारा. त्यालाही सांगता येत नसेल, तर त्याने परीक्षकांना भेटून विचारावं.