राउटर लावला की अलार्म का येतो?

प्रश्न : फौंड्रीचे छोटे पॅटर्न एमडीएफमध्ये कापायला ६०० बाय ४०० मि.मी.चं सीएनसी घरीच बनवलंय. कंट्रोल बोर्ड अर्डुइनो उनो, त्यावर सीएनसी शील्ड, मशीन चालवणारं सॉफ्टवेअर जीआरबीएल १.१. राउटर (कापणारी मोटर) चालू केला की गाडी टोकाच्या लिमिट स्विचपासून लांब असतानाही अलार्म १ (हार्ड लिमिट, म्हणजे स्विच दाबला गेल्याची सूचना) येऊन काम थांबतं. स्विच एनओ (नॉर्मली ओपन) जोडलेत. काढून टाकू का? झेड अक्षाचं होमिंगही (स्विचपर्यंत जाऊन सुरुवातीची जागा शोधणं) होत नाही.
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : स्विच काढू नका, जोडणी बदला. एनओ जोडणीत स्विच उघडा असतो, तोवर ती लांब वायर उनोच्या आतल्या कमजोर पुल-अपवर (पिन ‘वर’ धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवर) लोंबकळत राहते. राउटरच्या ब्रश मोटरचा नॉइज तिच्यात शिरला की बोर्डाला वाटतं, स्विच दाबला. एनसी (नॉर्मली क्लोज्ड) जोडणीत वायर कायम ग्राउंडला घट्ट बांधलेली असते, त्यामुळे नॉइजला सहज दाद देत नाही. शिवाय वायर तुटली तर लगेच अलार्म येतो. एनओमध्ये तुटलेली वायर धडक बसेपर्यंत कळतच नाही.

मायक्रोस्विचचे कॉमन आणि एनसी हे दोन पाय वापरा, जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $५=१ (लिमिट पिन उलट वाचणं) करा. एक चूक मात्र हमखास होते. शील्डवर एक्स+ आणि एक्स- वेगळे छापलेत, पण आतून दोन्ही एकाच पिनवर, डी९ वर, जातात. एनसी स्विच दोन्हीकडे वेगवेगळे लावले तर ते पॅरलल होतात. एक उघडला तरी दुसरा लाइन ग्राउंडला धरून ठेवतो आणि गाडी सरळ जाऊन आदळते. म्हणून दोन्ही टोकांचे स्विच सीरिजमध्ये जोडा आणि त्या जोडीच्या वायरी शील्डवर एक्स+ किंवा एक्स- यांपैकी एकाच जागी लावा. वायची जोडणीही अशीच.

एवढ्यानं थांबलं नाही तर पिन आणि ग्राउंडमध्ये, बोर्डाजवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका. शील्डेड केबल वापरत असाल तर तिची जाळी फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंड करा. राउटरची वायर स्विचच्या वायरींसोबत बांधू नका. $२६ वाढवून उपयोग नाही, तो डिबाउन्स (स्विचची थरथर शमेपर्यंत थांबायचा वेळ) फक्त होमिंगसाठी आहे.

झेडचं कारण वेगळं. १.१ च्या आधी, ०.९ आवृत्तीच्या काळातच डी११ स्पिंडलच्या पीडब्ल्यूएमला (वेग ठरवणाऱ्या सिग्नलला) गेला आणि झेड लिमिट डी१२ वर आली, पण जुन्या शील्डवरचं झेडचं नाव डी११ पाशीच राहिलं. झेडचा स्विच ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या पिनवर लावा.

मोटर चालवण्याआधी प्रत्येक स्विच बोटानं दाबून बोर्डाला प्रश्नचिन्ह (?) पाठवा. उत्तरात ‘पीएन’ (Pn:) पुढे त्या अक्षाचं अक्षर दिसायला हवं. मग $२१ (हार्ड लिमिट) आणि $२२ (होमिंग) सुरू करा. होमिंग करताना गाडी उलट दिशेला धावली तर $२३ बदला. होमिंगला अलार्म ८ आला तर मागे सरकूनही स्विच सुटलेला नाही: $२७ (मागे सरकण्याचं अंतर) एक मि.मी.वरून तीन करून पाहा, किंवा गाडी दुसऱ्या टोकाच्या स्विचवर तर उभी नाही ना, ते बघा. दोन्ही स्विच एकाच लाइनवर असल्यानं बोर्डाला त्यांतला फरक कळत नाही.

खरी हार्ड लिमिट लागली तर मोटरला जाणारे पल्स एकदम तुटतात, गाडी पुढे घसरू शकते आणि तिची जागा चुकते. तेव्हा नुसतं अनलॉक करून पॅटर्न पुढे कापू नका, आधी पुन्हा होमिंग करा.