सांताचा मोजा आणि पोरींचा हुंडा

प्रश्न : महाद्वार रोडवर लाल टोप्या दिसल्या की आमचं पोरगं सुरू होतंय, सांता गिफ्ट मोज्यातच का ठेवतो म्हणून. आणि मिस्टर म्हणतात सांता कोकाकोलावाल्यांनीच काढलाय. खरंय का?
– एक आई, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, मोज्याची गोष्ट ऐकलीत तर आपल्या गल्लीतलीच वाटेल बघा, कारण मुळात हुंडा आहे. सांता म्हणजे संत निकोलस, चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आणि मायरा आजच्या तुर्कस्तानात, समुद्राकाठी, तिथं कसलं आलंय रेनडिअर! दंतकथा अशी की एका बापाला तीन पोरी, हुंड्याला दमडी नाही, लग्नं अडलेली, मग निकोलसनं रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, असं तिघींसाठी तीनदा. पुढं लोकांनी सांगता सांगता ती थैली धुराड्यातून आणली आणि वाळत घातलेल्या मोज्यात पाडली. देणाऱ्याचं नाव कळू नये म्हणून एवढी धडपड, आणि आपण वर्गणी दिली की बोर्डावर नाव कितव्या नंबरला आलंय ते आधी बघतो. असो.

हॉलंडात पोरं मोज्याऐवजी बूट ठेवतात, 5 डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी मिळतात. तिथं त्याला सिंटरक्लास म्हणतात, तेच नाव अमेरिकेत सांताक्लॉज झालं.

मिस्टरांचं म्हणाल तर अर्धं बरोबर. कोकाकोलासाठी हॅडन संडब्लॉमनं 1931 पासून चित्रं काढली, ती जगभर गेली हे खरं, पण लाल डगलेवाला सांता आधीपासून छापला जातच होता, अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्टनं काढलेला तो गुबगुबीत दाढीवाला 1881 चा आहे. पैज लावली असेल तर वसूल करा.

प्रश्न : गॅदरिंगला पोरांनी जिंगल बेल्सवर डान्स केला. हे चर्चमधलं भजन आहे का?
– एक आजोबा, राजारामपुरी

उत्तर : नाही हो आजोबा, गाण्यात ख्रिसमसचं नावसुद्धा नाही! जेम्स पिअरपाँटचं हे गाणं 1857 मध्ये छापलं, तेव्हा नावच होतं 'एका घोड्याची उघडी घसरगाडी'. पोरगं एका पोरीला बर्फात गाडीतून फिरवायला नेतंय, घोडं मरतुकडं, गाडी उलटते, पुढं जोरात घोडं पळवायची भाषा. आपल्या बैलगाडी शर्यतीच्या जवळचं म्हणा. आणि घोड्याला घुंगरं, म्हणजे त्या जिंगल बेल्स, कशाला, तर बर्फावर घसरगाडीचा आवाजच होत नाही, समोरच्याला कळायला नको का काहीतरी येतंय म्हणून?