शर्यत नसलेल्या रविवारी

(गाड्या आणि शर्यतींविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताहेत कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मेकॅनिक.)

प्रश्न : मुलगा नववीत आहे. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळतो. ओरडलं की म्हणतो, "बाबा, वर्स्टापनपण मोकळ्या वेळात हेच करतो." हे खरं आहे का? आणि वर्षात २४ शर्यती, मग उरलेले दिवस ही मंडळी करतात तरी काय? – एक वाचक, चिंचवड

पोरगं खोटं बोलत नाही, सोयीपुरतं सांगतंय. मे २०२४ मध्ये फॉर्म्युला वनची इटलीतल्या इमोलाची शर्यत होती, त्याच शनिवार-रविवारी न्युरबुर्गरिंग या जर्मन ट्रॅकची २४ तासांची ऑनलाइन शर्यतही होती. टीम रेडलाइन या ऑनलाइन संघाकडून फॉर्म्युला वनचा जगज्जेता वर्स्टापन तिच्यातही उतरला. इकडे खऱ्या गाडीत पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घ्यायची आणि मधल्या वेळात सिमवर, म्हणजे शर्यतीच्या सिम्युलेटरवर, बसून साथीदारांबरोबर पाळीपाळीने तिकडची गाडी हाकायची. तिकडे त्याची टीम जिंकली. रविवारी दुपारी इमोलालाही हाच जिंकला, नॉरिस जेमतेम पाऊण सेकंद मागे. आता त्याला कोण काय बोलणार?

हा नाद लागतो कशाने, तेही सांगतो. शूमाकरच्या काळात फेरारीकडे कारखान्याजवळच फिओरानोचा स्वतःचा ट्रॅक होता. मनात आलं की गाडी काढायची आणि दिवसभर फेऱ्या मारायच्या. पैसा पाण्यासारखा जायचा, म्हणून २००९ पासून हंगामातल्या सरावावर कडक बंधनं आली. म्हणजे फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आपली गाडी चालवतो ती जवळजवळ फक्त शर्यतीच्या शुक्रवार-शनिवार-रविवारी. एखाद्या गवयाला सांगून बघा, घरी तानपुरा लावायचा नाही, गळा उघडायचा तो थेट मैफिलीत. तो न्हाणीघरात गाईल, पण गाईलच. यांचं न्हाणीघर म्हणजे सिम, कार्टिंग, सायकल. वर्स्टापनला तर तेही पुरलं नाही. २०२५ मध्ये त्याने न्युरबुर्गरिंगच्या खऱ्या ट्रॅकवर जीटी गाडीचा (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बेतलेल्या शर्यतीच्या गाडीचा) सराव केला तो 'फ्रान्झ हर्मन' या नावाने, आणि सप्टेंबरमध्ये तिथली शर्यतही जिंकली.

आता पोराने न सांगितलेली बाजू. वेगाच्या वळणावर मानेवर पाच जी-पर्यंत, म्हणजे वजनाच्या पाचपट, भार येतो. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-साडेसहा किलो धरा. पाचपट केलंत तर मानेने तीस किलोच्या वर वजन आडवं तोलायचं, तेही दीड तास, वळणामागून वळण. म्हणून रिकाम्या दिवशीही डोक्याला पट्टा बांधून बसतात. ट्रेनर पट्ट्याचं रबर एका बाजूला ओढतो, हा मान सरळ ठेवतो. पट्टा नसेल तर दुचाकीची जुनी ट्यूबही चालते, आमच्याकडे पोरं तेच करायची. चिरंजीवांना एकदा करायला लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मान वळणार नाही.

सायकलचं वेड मात्र जबर. फॉर्म्युला वनचा बोट्टास तर मातीच्या रस्त्यांवरच्या सायकल शर्यतीत नंबर लावून उतरतो. दम वाढतो, वजन आटोक्यात राहतं, सगळं खरं, पण सायकलला ना रोलकेज (ड्रायव्हरभोवतीचा संरक्षक सांगाडा) ना बॅरियर. नोव्हेंबर २००८ मध्ये टास्मानियात मार्क वेबरला गाडीने धडक दिली आणि पाय मोडला. पुढच्या जुलैत जर्मनीला त्याने कारकिर्दीतली पहिली शर्यत जिंकली, ही त्याची चिकाटी. फेब्रुवारी २०२१ मध्ये लुगानोला अलोन्सोचं तेच झालं, वरचा जबडा मोडला, आणि पुढच्या महिन्यात पठ्ठ्या बहरीनला ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुरू होते त्या रांगेत, हजर. कुबित्साचं दुखणं सगळ्यांत मोठं. फेब्रुवारी २०११, हंगाम तोंडावर, आणि हा हौसेखातर इटलीत एका छोट्या रॅलीत उतरला. संरक्षक कठड्याची पट्टी गाडीत घुसली, उजवा हात कायमचा अधू झाला. फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर परत यायला २०१९ उजाडलं. टीमवाले करारात 'हे करायचं नाही, ते करायचं नाही' असं लिहून घेतात ते उगाच नाही.

कराराला भीक न घालणारेही असतात. किमी रायकोनेन २००७ मध्ये बर्फावरच्या स्नोमोबाइल शर्यतीत उतरला, नाव लावलं 'जेम्स हंट', म्हणजे १९७६ चा जगज्जेता! त्याच उन्हाळ्यात मोटरबोटींच्या शर्यतीत तो गोरिलाचं सोंग घालून आला. आणि वर्षाअखेर विश्वविजेतेपदही त्याचंच. माझा सगळ्यांत आवडता हाच, लपवत नाही. फेटेल अगदी वेगळ्या वाटेचा. २०२२ ला निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षी जपानच्या सुझुका ट्रॅकवर दुसऱ्या वळणाशी मधमाशांसाठी लाकडी घरं उभी करत होता. ट्रॅकच्या कडेच्या पट्ट्याही काळ्या-पिवळ्या रंगवून घेतल्या. बाकी गोल्फ, पियानो, कुत्री... ते फोटोत दिसतंच.

आपल्याकडे हे गणित उलटं आहे. राष्ट्रीय स्पर्धेसाठी मी अनेक वर्षं चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर आणि कोइमतूरच्या करी स्पीडवेला टूलबॉक्स घेऊन गेलोय. आमच्या ड्रायव्हरांची रेसिंग हीच फावल्या वेळची गोष्ट. एक जण वडिलांची फाउंड्री सांभाळायचा. सोमवारी सकाळी चलनावर सही करताना कपाळावर हेल्मेटच्या पॅडचा वळ तसाच असायचा. गिऱ्हाइकं विचारायची, पडला-बिडला होतास काय? फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन, त्यानेही पुढे जुन्या दुचाकी विकायचा धंदा काढलाच.

त्या फाउंड्रीवाल्याचं अजून एक सांगतो. पिटमध्ये पाऊस थांबायची वाट बघत सगळे पत्ते कुटायचे, हा उभ्या रचलेल्या टायरांवर डोळे मिटून बसायचा. हात हवेत, बोटं गिअर टाकतायत, तोंडाने बारीक घूं-घूं. चहावाल्या पोराला वाटलं, अण्णाला झटका आला. मी स्टॉपवॉच काढलं आणि त्याने मान डोलावली तिथून लॅप मोजला. खऱ्या लॅपपेक्षा अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता. वीज नाही, स्क्रीन नाही, इंटरनेटचं बिल नाही.

तेव्हा सिम बंद करू नका, वेळ ठरवून द्या. आणि ट्यूबचं विसरू नका.

प्रश्न : सेन्नाला विमानांचा नाद होता म्हणतात. खरं का? – एक वाचक, रत्नागिरी

होता. फॉर्म्युला वनच्या या जगज्जेत्याचा नाद रिमोटच्या छोट्या विमानांचा. ब्राझीलमध्ये तातुईला त्याची शेती होती, तिथे उडवत बसायचा. त्याच शेतीवर त्याने कार्टचा ट्रॅकही बांधून घेतला होता. पोरवयात पावसात एक शर्यत हरला होता, तेव्हापासून आभाळ भरून आलं की बाकीचे घरात पळायचे आणि हा कार्ट बाहेर काढायचा. आमच्याकडे कोल्हापुरात पावसाला तोटा नाही, कार्ट तेवढी मिळायला हवी.